गाळ आणि अनुदान

१९३२ ते २०१६ या काळात अमेरिकेतील लुइझियाना राज्याची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारभूमी समुद्राने गिळली. मिसिसिपीच्या बांधांनी गाळ अडविला, भूमी खचली. तेथील किनारारक्षण मंडळाचे प्रमुख गॅरेट ग्रेव्ह्‌ज यांच्या कारकीर्दीतील २०१२ च्या आराखड्यात तो गाळ पुन्हा दलदलीत सोडण्याची तरतूद होती. पुढे ते प्रतिनिधिगृहात गेले. २०१६ च्या महापुरानंतर सरकारी कर्ज मंजूर झालेल्या कुटुंबांचे अनुदान अडले. (कर्जालाही साह्य समजणारा हा न्याय अजबच!) ग्रेव्ह्‌ज झगडले आणि २०१८ च्या कायद्याने ती अट शिथिल करण्याची मुभा दिली. आमच्या मते त्यांची खरी कामगिरी हीच होय. परंतु घर उभारावयास भूमी हवी. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी प्रतिनिधिगृह सोडले. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने गाळाची प्रमुख योजना, काम सुरू झालेले असतानाही, मोडीत काढली.