एका चाकाचं सस्पेन्शन आणि आपले गुडघे

आज बोलूया सस्पेन्शनवाल्या इलेक्ट्रिक युनिसायकलबद्दल. मी इनमोशनची व्ही11 चालवली. हवेचं सस्पेन्शन, 85 मिलिमीटरची हालचाल. नगरमध्ये भिंगारजवळच्या कच्च्या वाटेवर पहिल्याच खड्ड्यात फरक कळला: चाक खाली-वर, गुडघे निवांत. मजाच आली!

पण एक गोष्ट नीट ऐका. इथे तोल मोटर सांभाळते. आपण पुढे झुकलो की सेन्सर ते ओळखतात आणि मोटर चाक पुढे पळवून आपल्याला सावरते. खड्ड्यातून चाक वर काढायला तिला जास्तीचा जोर लागतो. वेग जास्त आणि बॅटरी उतरलेली असेल, तर तो जोर उरत नाही. मग आपण थेट तोंडावर. सस्पेन्शन हादरा खातं, मोटरची ताकद वाढवत नाही. म्हणून पेडलचं पुढचं टोक वर उचललं गेलं, की तो इशारा समजा आणि वेग उतरवा. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड मात्र पहिल्या दिवसापासून हवेतच!