तुरुंगवाल्यांची शाळा

मध्य प्रदेशातल्या आमच्या डोईफोडियाच्या पोरांना ‘जेल प्रहरी’ म्हणजे तुरुंगाचा शिपाई, हे समजावून सांगावं लागत नाही. पोलीस, वनरक्षक, प्रहरी, जी भरती निघेल तिचा फॉर्म भरायचा. निवड झाली की अंगावर खाकी चढते. पण कैद्याशी वागावं कसं, हे त्यांना कोण शिकवतं?

तुरुंगाचं काम शिकून करायचं असतं, हे तुरुंगांवरच्या 1919-20 च्या कार्ड्यू समितीनेच म्हटलं होतं. लखनौला तुरुंग कर्मचाऱ्यांची शाळा निघायला मात्र 1940 उजाडलं. पुढे 1951-52 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस आले आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी तुरुंग अधिकाऱ्यांचे वर्ग घेतले. मग 1955 मध्ये येरवड्याची शाळा सुरू झाली. आजचं दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय ते हेच.

गाडी अडली ती खालच्या, शिपायांच्या पायरीवर. सकाळी बराकीचं कुलूप निघतं, कैदी जोडीजोडीने उकिडवे बसतात, गिनती होते. आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तिथे अधिकारी घटकाभर, शिपाई दिवसभर. कवायत, झडती, बंदूक त्याला शिकवतात. कालच जामीन नाकारलेल्या पोराशी काय बोलावं, हे तो जुन्या शिपायाकडे बघून शिकतो, आणि जुना जसा असेल तसा नवा घडतो. तुरुंग सुधारणांवरच्या मुल्ला समितीने (1980-83) सगळ्या पायऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरला, तुरुंगांसाठी अखिल भारतीय सेवाही सुचवली. ती सेवा अजून झालेली नाही.

आमच्या खंडव्याच्या तुरुंगातून 2013 मध्ये ‘सिमी’ या बंदी घातलेल्या संघटनेचे कैदी पळाले, 2016 मध्ये भोपाळमधून; तिथे पहाऱ्यावरच्या हवालदाराचा जीव गेला. दोन्ही वेळा बोलणं झालं ते भिंती आणि कॅमेऱ्यांचं. अपुऱ्या माणसांत रात्र काढणाऱ्याच्या तयारीबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

आणि जे शिकवलं, ते तरी काय होतं? ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर कामं वाटणारे नियम रद्द केले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या त्या याचिकेत मध्य प्रदेशचे नियमही होते. संडासाच्या वेळी ‘मेहतर’ हजर असावा, असं छापील पुस्तकात होतं, आणि खात्याच्या परीक्षा याच पुस्तकांवर होत आल्या. ते पुस्तक वाचून पास झालेले आज जेलर आहेत, अधीक्षक आहेत. नव्या भरतीआधी त्यांनाच वर्गात बसवायला हवं.