शोइना : वाळूत बुडत चाललेलं एक रशियन गाव

शोइनातली काही माणसं रात्री दार उघडं टाकून झोपतात. चोरांचं भय नाही म्हणून नव्हे, वाळूचं आहे म्हणून. रात्रभर वारा सुटला की उंबऱ्याबाहेर ढीग लागतो आणि सकाळी दार आतून ढकलता ढकलत नाही. शेजारी फावडं घेऊन येईपर्यंत मग घरातच बसायचं.

हे वाचून डोळ्यांपुढे वाळवंट येतं. पण शोइना रशियाच्या उत्तरेला, कानिन द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्क्टिक वृत्ताच्याही वर आहे. समोर श्वेत समुद्र, मागे ओलसर, झाडं नसलेला टुंड्रा. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य उगवतच नाही, जूनमध्ये मावळत नाही. छायाचित्रकार येतात, अर्ध्या गाडलेल्या घराचा फोटो काढतात आणि खाली ‘आर्क्टिकमधलं सहारा’ असं लिहून मोकळे होतात. मला या मथळ्याचा राग येतो. वाळवंट पावसाअभावी होतं. इथे पाण्याची कसली कमतरता?

इतिहास थोडक्यात उरकतो. गाव वसलं 1930च्या दशकात, मासेमारीसाठी. युद्धानंतर भरभराट झाली. सत्तरएक मासेमारी नौका इथे होत्या असं सांगतात, आणि वस्ती आजच्या कित्येक पट होती. मग मासा संपला, पाठोपाठ रोजगार संपला, तरुण शहराकडे गेले. 2010च्या जनगणनेत सुमारे 300 माणसं उरली होती. अशी कहाणी रशियाच्या उत्तरेतल्या शेकडो गावांची आहे. शोइनाच्या वाट्याला वाळू जास्तीची आली.

ती आली कुठून? सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. ट्रॉलरची जाळी तळावरून फरफटत नेतात. माशांबरोबर तळावरची शेवाळं आणि गाळही खरवडून निघतो, आणि वाळूला धरून ठेवणारं तेच असतं. सुटी झालेली वाळू लाटा किनाऱ्यावर टाकतात, तिथून वारा उचलतो. किनाऱ्यावरच्या टुंड्राचं पातळ हिरवं कातडं माणसांच्या आणि वाहनांच्या वर्दळीने फाटलं, त्याचीही भर पडली. दोहोंतला वाटा किती कुणाचा, यावर वाद घालता येईल. पण ज्या जाळ्यांनी गाव श्रीमंत केलं त्यांनीच ते गाडायला घेतलं, हा हिशेब मला तरी पटतो.

आता माझा आवडता भाग, वाळू चालते कशी. कंटाळा येत असेल तर हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. राल्फ बॅगनॉल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अभियंता लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या पिटाळत असे. पुढे त्याने बंद बोगद्यात कृत्रिम वारा सोडून वाळूचे कण कसे हलतात ते मोजलं आणि 1941मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वाऱ्यावर उडते ती धूळ. वाळू उडत नाही, ती उड्या मारते. एक कण उसळतो, थोडं अंतर कापून आदळतो आणि पडता पडता दुसऱ्यांना उसळवतो. हा सगळा खेळ जमिनीलगत, बहुतेक गुडघ्याच्या खालीच चालतो. त्यामुळे डोक्यावर आभाळ निळंशार असतानाही पायाशी वाळूची चादर सरकत असते. वाटेत घर आलं की त्याच्या आडोशाला वारा मंदावतो आणि हातातलं ओझं तिथेच टाकतो. म्हणजे वाळू अडवायला घर बांधलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं! शोइनातली काही घरं छपरापर्यंत बुडाली, काहींत माळ्याच्या खिडकीतून जा-ये करावी लागली. वाटांवर फळ्या टाकतात, नाहीतर पाय रुततात. मधूनमधून बुलडोझर येतो, भिंतीलगतची वाळू ढकलून नेतो. वारा ती परत आणतो.

वाळूने गाडलेल्या गावांचा मला जुना छंद. म्हैसूरजवळ कावेरीकाठच्या तलकाडला गेलो होतो. तिथल्या देवळात शिरायला वाळूत पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. पण शोइनाचं खरं नातं बाल्टिकच्या कुर्श पट्ट्याशी. कालिनिनग्राडपासून लिथुआनियात गेलेली, 98 किलोमीटर लांबीची ही चिंचोळी जमीन. तिथे जंगल तोडलं, वाळूच्या टेकड्या सुटल्या आणि सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात गावंच्या गावं वाळूखाली गेली. आज मोर्स्कोये नावाने ओळखलं जाणारं गाव वाचलं ते फ्रान्झ एफा या जर्मन अधिकाऱ्याच्या चिकाटीमुळे. त्याने टेकडीवर लव्हाळ्याचे चौकोन रोवून त्यांत पाइनची रोपं लावली. ती टेकडी अजून त्याच्याच नावाने ओळखतात. सेनापतींच्या पुतळ्यांपेक्षा मला ही टेकडी मोठी वाटते.

शोइनाला मात्र एफा सापडला तरी लावणार काय? तिथल्या उघड्या टुंड्रात पाइन तगत नाही. तिथे चिवट गवत रुजवायचं, कुंपणं घालायची आणि मुळं धरेपर्यंत त्यावरून गाड्या जाऊ द्यायच्या नाहीत. काम स्वस्त आहे, पण वर्षानुवर्षं राखणीला माणसं हवीत, आणि गावात तुटवडा नेमका माणसांचाच.

तरीही ‘भुताचं गाव’ म्हणायची घाई नको. शोइनाला रस्ता नाही, पण विमान येतं. शाळा आहे, दीपगृह आहे. वसंतात हंसांचे थवे उतरतात तेव्हा बंदुका बाहेर निघतात, उन्हाळ्याच्या अखेरीस टुंड्रातून मोरोश्का नावाची केशरी बोरं वेचून आणतात. काही नवी घरं समुद्रापासून दूर, वाळू कमी पोचते तिथे बांधली आहेत.