सागराच्या लाटा आणि भूमीचे सूक्ष्मकंप

पुण्याच्या कसबा पेठेपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही समुद्र खवळला की, त्याची स्पंदने या पेठेतील जुन्या वाड्यांच्या जोत्याखालील जमिनीपर्यंत येऊन पोहोचतात. ती सहसा काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढीच असतात. माणसाला ती जाणवत नाहीत. संवेदनशील भूकंपमापक यंत्र मात्र त्यांची नोंद करते. शास्त्रज्ञ त्यांना ‘सूक्ष्मकंप’ म्हणतात.

हे कंप दोन प्रकारे निर्माण होतात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात लाटांचा दाब थेट तळावर पडतो. अशा कंपाचा आवर्तकाल, म्हणजे एका हेलकाव्यास लागणारा वेळ, लाटेइतकाच, साधारणतः १० ते २० सेकंद असतो. खोल समुद्रात एकट्या लाटेचा दाब तळापर्यंत जात नाही. परंतु विरुद्ध दिशांनी येणाऱ्या सारख्या लाटा परस्परांस भिडल्या म्हणजे तळावरील दाबही कमीजास्त होऊ लागतो. या कंपांचा आवर्तकाल लाटेच्या निम्मा असतो आणि तेच अधिक प्रबळ असतात. ही उपपत्ती ब्रिटिश शास्त्रज्ञ लाँगे-हिगिन्स यांनी १९५० मध्ये मांडली.

त्याआधीच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भारतीय समुद्रांतील वादळी हवामान आणि सूक्ष्मकंप यांचा संबंध अभ्यासला होता. त्यांचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १९३० मध्ये प्रसिद्ध केला.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा अनुभव घेतलेल्या या प्रदेशात जमिनीच्या कंपनाची वार्ता सहजच भीती निर्माण करते. म्हणून दोहोंतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. भूकंपाच्या लहरी खडक एकाएकी सरकल्याने उठतात आणि काही वेळाने शमतात. सूक्ष्मकंप अखंड चालू असतात. पावसाळ्यात ते वाढतात, समुद्र शांत झाला की मंदावतात. ते भूकंपाची पूर्वसूचना नव्हेत. उलट, दोन केंद्रांवरील त्यांच्या दीर्घकाळच्या नोंदी ताडून पाहिल्यास मधल्या खडकांची रचना समजण्यास मदत होते.

भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारे साधन आजही उपलब्ध नाही. तेव्हा अफवांवर विसंबण्याऐवजी शाळा, पंचायतघर व राहती घरे भूकंपरोधक पद्धतीने बांधणे, हाच खरा उपाय होय.