दमा आणि सीओपीडीची औषधे : नर्सने काय पाहायचे?

वाटूरसारख्या गावात थंडी पडली की धाप लागलेले पेशंट येऊ लागतात. त्यांत विडीला कधी हातही न लावलेल्या बायका असतात. वर्षानुवर्षे चुलीचा धूर छातीत गेला तरी सीओपीडी होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यावरच लेख लिहिला होता. म्हणून हिस्ट्री घेताना "मावशी, स्वयंपाक कशावर करता?" हेही विचारायचं.

आता औषधे पाहू. साल्ब्युटामॉल श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते. काही मिनिटांतच आराम पडतो आणि असर चार ते सहा तास टिकतो. हात थरथरणे, छातीत धडधडणे हे त्याचे दुष्परिणाम. म्हणून औषध देण्याआधी आणि नंतर नाडी मोजा.

बुडेसोनाइड हे स्टेरॉइड. ते नळीच्या आतली सूज उतरवते, पण सावकाश. पूर्ण फरक दिसायला काही आठवडे जातात. खरा घोटाळा इथेच होतो. पेशंट म्हणतो, "ह्या पंपानं काहीच होत नाही," आणि तो बंद करून नुसत्या साल्ब्युटामॉलवर दिवस काढतो. तात्पुरतं बरं वाटतं, आत सूज वाढत राहते, आणि एखाद्या रात्री जिवावर बेतणारा अटॅक येतो. दम्यात एकट्या साल्ब्युटामॉलवर भागवू नये, असे ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून सांगितले आहे. "पंपाची सवय लागते" ही भीतीही काढा. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी येते.

रोटाकॅप पाण्यासोबत गिळणारे पेशंटही असतात! नुसते तोंडी सांगू नका, समोर घ्यायला लावा. औषध ओढल्यावर दहा सेकंद श्वास रोखायचा. पंप दाबणे आणि श्वास ओढणे जुळत नसेल तर स्पेसर द्या.

थिओफिलिनबाबत जपून. उपयोगाची आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडेच असते. सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर रक्तातले प्रमाण वाढते. मळमळ, उलटी, नाडी जलद झाली की पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना कळवा.

ऑक्सिजनचेही तसेच, तोही औषधच समजा. सीओपीडीच्या पेशंटला सॅच्युरेशन साधारण ८८ ते ९२ टक्के पुरते. नातेवाईक "सिस्टर, जरा वाढवा ना" म्हणतात. पण जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. असा पेशंट गुंगीत जाऊ लागला, तर ‘शांत झोप लागली’ समजू नका; लगेच डॉक्टरांना बोलवा.