हात साठ टक्के, रोजी शंभर टक्के

महामार्गावर ट्रकच्या धडकेत माणूस दगावला, तर भरपाईचा हिशेब त्या मानाने सरळ असतो: वय, उत्पन्न आणि मागे राहिलेली माणसे. माणूस वाचला पण अधू झाला, की प्रश्न येतो की त्याचे नेमके गेले किती? मोटार वाहन कायद्याने भरपाईचा हक्क दिला आहे, तृतीय पक्ष विमाही सक्तीचा आहे. तरीही हक्क असणे वेगळे आणि रक्कम पदरात पडणे वेगळे. जखमीला वकील हवा तो न्यायाधिकरणापुढे जोरदार भाषण करायला नव्हे, आपल्या आयुष्याचे काय मोडले हे कागदावर सिद्ध करायला.

समजा, २८ वर्षांच्या टेम्पोचालकाला ट्रकने ठोकरले आणि त्याचा डावा हात कापावा लागला. वैद्यकीय मंडळाने दाखला दिला ६० टक्के अपंगत्वाचा. कमाई महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले की ३ लाख ३६ हजार, आणि या वयाचा गुणक १७. एकूण ५७ लाख १२ हजार. दाखल्यावरचा आकडा तसाच लावला तर त्यातले ३४ लाख २७ हजार मिळतील. पण एका हाताने टेम्पो चालवणार कसा? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हाच फरक स्पष्ट केला: डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, चालकाची किंवा सुताराची कमाई मात्र जवळपास पूर्ण बुडते. शरीराचे अपंगत्व डॉक्टर सांगतो, कमाईचे नुकसान न्यायाधिकरण ठरवते. त्यासाठी डॉक्टरची साक्ष लागते, धंद्याचा पुरावा लागतो. पगाराची चिठ्ठी नसली तर बँकेचे उतारे, मालकाची साक्ष, लायसन्स, जे हाती असेल ते मांडावे लागते. ते न मांडल्यास उत्पन्न अंदाजाने धरले जाते, आणि अंदाज क्वचितच उदार असतो. वरच्या उदाहरणात नुसत्या टक्केवारीच्या वादाची किंमत जवळजवळ २३ लाख रुपये आहे.

यावर कोणी म्हणेल, आता पोलिसांनीच ४८ तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा असतो, न्यायाधिकरणही चौकशी करते, मग वकील कशाला? अहवालातून अपघात कसा झाला, ट्रक कोणाचा, विमा कोणाचा हे कळते, आणि ते मोलाचेच आहे. पण पुढच्या तीस वर्षांत या माणसाला कृत्रिम हात किती वेळा बदलावा लागेल, हे पोलीस पंचनाम्यात लिहीत नाहीत. दुसरा आक्षेप बनावट दाव्यांचा. तो पोकळ नाही. उत्तर प्रदेशात २०१५ साली अशा दाव्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. पण त्यावर उपायही नीट जमवलेला पुरावाच. विमा कंपनीकडे वकिलांची फौज असताना जखमीने एकट्याने उभे राहावे, हा काही खोटेपणावरचा इलाज नव्हे.

खरी अडचण पैशाची आहे. टेक्सासच्या तेलक्षेत्रात ट्रकखाली जायबंदी झालेल्याचा वकील साधारण भरपाईतला एक तृतीयांश वा अधिक हिस्सा घेतो, आणि तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी असा हिस्सा ठरवायलाच मनाई आहे. त्यामुळे रुग्णालयाच्या खाटेपाशी येऊन 'अमुक टक्के द्या, बाकी आम्ही बघतो' म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नये. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. मोफत वकील म्हणजे कच्चा वकील, असे समजण्याचे कारण नाही.

अपघात परराज्यात झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. एप्रिल २०२२ पासून त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर कोणी थांबू नये. औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा आणि १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची चौकशी करा.