जुनी करवत, तयार कान

सेकंडहँड चेनसॉ घेताना रंग बघू नका, दोरी ओढा. हाताला चांगला विरोध जाणवला नाही, तर कॉम्प्रेशन गेलंय. विकणारा तयार असेल तर सायलेन्सर काढून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले की सरळ घरी या.

खरी गंमत कार्बोरेटरच्या स्क्रूंत. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं; बहुतेक आधुनिक करवतींना लिटरमागे 20 मिली टू-टी ऑइल. पूर्ण वेगाचं मिश्रण ठरवणारा ‘एच’ स्क्रू जास्त आवळला की पेट्रोल घटतं, सोबत तेलही. करवत किंचाळते, आपण खूश होतो आणि आत पिस्टन भाजत असतो! पूर्ण वेगात आवाज किंचित फाटका हवा. लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा. आयडलिंगला साखळी फिरत असेल, तर तो दोष काढेपर्यंत करवत वापरू नका.